अँटेना ट्यूनर आणि तारेवरचं स्टॅटिक : सोलापुरात नवं हॅम स्टेशन लावणाऱ्यांसाठी

परवाना हातात आलाय, रिग (रेडिओ संच) टेबलावर बसलीय, गच्चीवर तार ताणून झालीय किंवा व्हायचीय, आणि कुणीतरी सांगितलंय की ‘आता एक ट्यूनर घे’. या टप्प्यावरच्या नव्या हॅमसाठी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यासाठी, हा लेख. ट्यूनर कसा निवडायचा आणि फिरवायचा ते सांगतोच, पण जास्त जागा मी स्टॅटिकला देणार आहे. ट्यूनरच्या पुस्तिकेत त्याबद्दल फार तर एखादी ओळ असते, आणि सोलापुरात मार्चपासून मृगाचा पाऊस लागेपर्यंत खरी डोकेदुखी तीच असते.

इथली हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे, हवेत ओलावा नावालाही नाही, आणि दुपारनंतर वारा सुटला की रानातली माती उडून गच्चीवर येते. कोरड्या धुळीचा प्रत्येक कण तारेला घासून जाताना तिच्यावर थोडा विद्युतभार ठेवून जातो. दमट हवेत हा भार इन्सुलेटरवरच्या ओलसर थरातून हळूहळू गळून जातो, कोरड्या हवेत तो तारेवर बसून राहतो. ज्यांच्या घरात कुणी गिरणीत किंवा यंत्रमागावर काम केलंय त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही: खात्यातली हवा कोरडी पडली की सूत भारित होऊन एकमेकांपासून फिसकारतं, म्हणून तिथे मुद्दाम ओलावा सोडतात. गच्चीवरच्या तारेला ती सोय नाही. तिचा भार उतरवायची वाट आपणच करून द्यायची असते, आणि ट्यूनर ती वाट करून देत नाही. बहुतेक ट्यूनर उलट ती बंद करतात. ते कसं, हे पुढे येईल.

ट्यूनर करतो काय

नाव अँटेना ट्यूनर असलं तरी तो अँटेनाला हात लावत नाही. अँटेना गच्चीवर जशी आहे तशीच राहते. खोलीत उतरलेल्या फीडरच्या (अँटेना आणि रिग जोडणाऱ्या केबलच्या) टोकाशी जो काही इम्पिडन्स (रेडिओ फ्रीक्वेन्सीच्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध) दिसतो, त्याचं ट्यूनर ५० ओहममध्ये रूपांतर करतो, म्हणजे रिगला वाटतं की समोर सगळं व्यवस्थित आहे. रिगला असं वाटणं गरजेचं असतं, कारण एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली ते दाखवणारा आकडा, १ म्हणजे अचूक जुळणी) वाढला की आजकालच्या रिग स्वतःला वाचवण्यासाठी पॉवर कमी करतात.

आकडे एकदा समजून घ्या म्हणजे उगाच धास्ती राहत नाही. एसडब्ल्यूआर १.५ असेल तर ४ टक्के पॉवर परत येते. २ असेल तर ११ टक्के, ३ असेल तर २५ टक्के. म्हणजे १.५ चा १.१ करण्यासाठी तासभर घालवण्यात काही अर्थ नाही. कॉन्टॅक्टच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला तो फरक ऐकूसुद्धा येत नाही.

महत्त्वाची गोष्ट ही की ट्यूनर खोलीत असेल तर त्याच्या पलीकडच्या कोॲक्समध्ये (मधे तार आणि भोवती जाळीचं कवच असलेल्या केबलमध्ये) वाढलेला एसडब्ल्यूआर तसाच राहतो आणि कोॲक्समधला लॉस वाढवतो. आरजी-५८ ही बारीक केबल ३० मीटर वापरली तर २८ मेगाहर्ट्‌झवर सगळं जुळलेलं असतानाही साधारण अडीच डीबी (डेसिबल, सिग्नल किती घटला त्याचं माप) जातात. शंभर वॅट घातले तर वर पोचतात पंचावन्नच्या आसपास. त्यात एसडब्ल्यूआर दहा-बारा असेल तर ट्यूनरवर १.० दिसतंय आणि केबल गरम होतेय, असं चित्र असतं. मीटरवर सुंदर आकडा दिसला म्हणजे सिग्नल बाहेर गेला असं नाही.

आधी तार नीट करा

माझं स्पष्ट मत: पहिला बँड ट्यूनरशिवाय चालला पाहिजे. ४० मीटर बँडसाठी अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (मधोमध फीडर जोडलेली दोन बाजूंची तार) घ्या. १४३ ला मेगाहर्ट्‌झमधल्या फ्रीक्वेन्सीने भागा, मीटरमध्ये एकूण लांबी मिळते. ७.१ साठी २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला दहा मीटरपेक्षा किंचित जास्त. जुळे सोलापूरच्या साध्या प्लॉटवर वीस मीटर सरळ बसत नाही, तेव्हा मध्यभाग पाण्याच्या टाकीच्या वर पाइपवर चढवा आणि दोन्ही बाजू उतरत्या आणा. उलट्या व्ही आकारात जुळणीची लांबी थोडी बदलते, म्हणून तार अर्धा मीटर जास्त ठेवा आणि छाटण्याऐवजी टोक मागे दुमडून तिच्याच अंगाला पिळत जा. चुकलं तर परत सोडवता येतं.

टोकाची तार दुमडून गोल कडी करून ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. अणकुचीदार टोकातून भार हवेत फुसफुसत सुटतो आणि रिसीव्हरमध्ये सतत ‘स्स्स’ असा आवाज येतो. गोल कडीला ते कमी होतं. त्याच कारणासाठी उघड्या तांब्याऐवजी पीव्हीसी आवरण असलेली वायर घ्या, धुळीचे कण थेट तांब्याला भिडत नाहीत. बांधायला साधी नायलॉन दोरी नको, आपल्या उन्हात ती एका उन्हाळ्यात पिचते.

तार वर चढवताना बाजूने वीजवाहिनी जात असेल तर जागा बदला. तार तुटून तिच्यावर पडली तर काय होईल, तिच्याशी झोंबली तर काय होईल, एवढाच प्रश्न विचारा. होटगी रस्त्याला विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी उंच मास्ट उभारण्याआधी उंचीचे नियम विचारून घ्यावेत.

आता ४० मीटरचा हा डायपोल २१ मेगाहर्ट्‌झवर बऱ्यापैकी चालतो, कारण तिथे तो दीड तरंगलांबीचा होतो आणि मध्यभागी इम्पिडन्स पुन्हा आटोक्यात येतो. १४ मेगाहर्ट्‌झवर मात्र तो पूर्ण तरंगलांबीचा होतो, मध्यभागी काही हजार ओहम दिसतात, आणि कोॲक्स लावलेली असेल तर ट्यूनरची परीक्षा बघितली जाते. नवीन माणूस नेमका इथेच ट्यूनर घेतो आणि वैतागतो. त्यापेक्षा त्याच मध्यबिंदूवरून पाच-पाच मीटरच्या आणखी दोन तारा खाली सोडा. २० मीटर बँड ट्यूनरशिवाय मिळतो, खर्च वायरीचा फक्त.

मग ट्यूनर कधी घ्यायचा? पाच-सहा बँड एकाच तारेवर हवे असतील तेव्हा, आणि शक्यतो लॅडर लाइनबरोबर. दोन समांतर तारा, मधे वीजजोडणीच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे कापून अंतर राखलेलं, अशी लाइन घरी बनवता येते आणि तिच्यात चढ्या एसडब्ल्यूआरवरही लॉस फारच कमी असतो. तिला खिडकीच्या ग्रीलपासून आणि गच्चीच्या कठड्यातल्या सळयांपासून वीतभर तरी लांब ठेवा.

रिगच्या आतला ऑटो ट्यूनर साधारण ३ पर्यंतचा एसडब्ल्यूआर सांभाळतो. तो बँडच्या कडेला थोडी दुरुस्ती करायला आहे. त्याच्याकडून १४ मेगाहर्ट्‌झवरची ती हजारो ओहमची मारामारी अपेक्षित धरू नका.

हाताने फिरवायचा ट्यूनर : क्रमाने

बाजारातले बरेचसे हाताचे ट्यूनर टी प्रकारचे असतात: दोन व्हेरिएबल कपॅसिटर ओळीत, आणि त्यांच्या मधल्या जागेपासून जमिनीकडे जाणारी कॉइल. पुढचा क्रम त्यांच्यासाठी.

१. रिग बंद ठेवून ट्यूनरचं झाकण उघडा आणि कुठल्या आकड्यावर कपॅसिटरच्या पट्ट्या एकमेकींत पूर्ण शिरतात ते डोळ्यांनी बघा. काही ट्यूनरमध्ये ० म्हणजे पूर्ण कपॅसिटी, काहींमध्ये १०. कॉइलच्या स्विचचंही तेच, ‘ए’ म्हणजे जास्त इंडक्टन्स की कमी हे कंपनीगणिक बदलतं. पेन्सिलीने पॅनेलवर खूण करून टाका.

२. अँटेनाऐवजी डमी लोड (५० ओहमचा रोध, पॉवर हवेत न सोडता पचवणारा) लावून रिगची पॉवर बघा. इथेच गडबड असेल तर अँटेनाला दोष देत बसू नका.

३. अँटेना जोडा, दोन्ही कपॅसिटर मध्यावर आणा, रिसीव्हर चालू करा. कॉइल एकेक टप्पा फिरवत जा आणि जिथे बँडचा आवाज सगळ्यात जास्त होतो तिथे थांबा. मग दोन्ही कपॅसिटर हलवून आवाज आणखी वाढवा. प्रसारण न करता निम्मं काम इथे होतं.

४. फ्रीक्वेन्सी मोकळी आहे का ते ऐका, विचारा, आपला कॉलसाइन सांगा. पॉवर ५ ते १० वॅटवर आणा आणि सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एएम मोडमध्ये कॅरिअर (आवाज नसलेली सलग लहर) सोडा. एसएसबीमध्ये (बोलण्याच्या नेहमीच्या मोडमध्ये) बोलल्याशिवाय काहीच बाहेर जात नाही, त्यामुळे तिथे मीटर बघून उपयोग नाही.

५. परतीच्या पॉवरच्या काट्याकडे बघत आधी अँटेनाकडचा कपॅसिटर, मग रिगकडचा, पुन्हा अँटेनाकडचा, असं आलटून पालटून काटा खाली आणा. कॉइलचा टप्पा बदलायचा असेल तर आधी कॅरिअर बंद. चालू पॉवरवर कॉइलचा स्विच फिरवला की संपर्कांमध्ये ठिणगी पडते आणि ते जळून काळे होतात. सेकंड हँड ट्यूनर घेताना पहिल्यांदा हाच स्विच तपासावा.

६. जुळणी झाली की थांबू नका. टी ट्यूनरमध्ये एसडब्ल्यूआर १.० देणाऱ्या एकापेक्षा जास्त जागा सापडतात आणि त्या सारख्या नसतात. ज्या जागी कॉइल कमीत कमी आणि कपॅसिटर जास्तीत जास्त आहेत ती घ्या. उलट जागी मीटर तेवढाच छान दिसतो, पण पॉवर कॉइल तापवण्यात जाते. दोन मिनिटं बोलून झाल्यावर ट्यूनरचं झाकण गरम लागलं तर हेच समजा.

७. बँड, फ्रीक्वेन्सी आणि तिन्ही आकडे वहीत उतरवा. पुढच्या वेळी थेट त्या आकड्यांवर जायचं, म्हणजे हवेत उगाच कॅरिअर सोडावा लागत नाही.

पॉवर वाढवताना काटा अचानक उडू लागला किंवा डब्यातून तडतड ऐकू आली तर कपॅसिटरच्या पट्ट्यांमध्ये आर्क होतोय. लगेच सोडा. पॉवर कमी करा, किंवा फीडरची लांबी दोन-तीन मीटरने बदलून बघा. फीडरच्या टोकाशी येणारा इम्पिडन्स लांबीनुसार बदलतो आणि पुष्कळदा एवढ्यानेच ट्यूनर शांत होतो.

आणि प्रसारण बंद असताना, रिग बंद असताना, नुसत्या ट्यूनरमधून टक्... टक्... असा आवाज आला तर? मग तो आवाज तुमच्या पॉवरचा नव्हे. तो गच्चीवरून येतोय.

टी ट्यूनर भार अडवून का धरतो

वरची मांडणी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. कॉइल जमिनीला जोडलेली आहे हे खरं, पण अँटेना आणि कॉइल यांच्या मधे कपॅसिटर आहे. कपॅसिटर आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सीचा प्रवाह) जाऊ देतो, डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) नाही. तारेवर साचणारा भार म्हणजे डीसी. त्याला जमिनीकडे जायला रस्ताच नाही. व्होल्टेज वाढत जातं, पट्ट्यांमधल्या हवेला सोसेनासं झालं की निळसर ठिणगी पडते, पट्ट्या रिकाम्या होतात, परत भरू लागतात. ढग डोक्यावर असेल तर हे दर काही सेकंदांनी होतं. खोलीतला दिवा मालवून झाकणाच्या भोकांतून बघितलं तर ती ठिणगी दिसते. गंमत म्हणून हे बघत बसू नका मात्र, कारण ढग एवढा जवळ असेल तर तुम्ही रेडिओच्या खोलीत असायलाच नको.

ट्यूनर नसताना कोॲक्स काढून खिडकीत ठेवली तरी हाच खेळ होतो. पीएल-२५९ च्या (केबलच्या टोकाच्या कनेक्टरच्या) मधल्या पिनेपासून बाहेरच्या कड्यापर्यंत ठिणगी उडते. आरजी-५८ मध्ये मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटी असते, म्हणजे २० मीटर केबल हा २००० पिकोफॅरडचा कपॅसिटर झाला. माणसाचं शरीर साधारण १०० पिकोफॅरड धरतात. तेवढ्याच व्होल्टेजला ही केबल माणसाच्या वीसपट भार धरून असते, आणि तुम्ही ती रिगच्या मागे खोचलीत की तो सगळा भार रिसीव्हरच्या पहिल्या टप्प्यात उतरतो. बऱ्याच वेळा रिग जळत नाही, नुसती बहिरी होते. सगळं चालतंय असं वाटतं, फक्त लांबची स्टेशनं ऐकू येईनाशी होतात, आणि कारण कळायला महिने जातात.

आता आपल्या अँटेनाला रस्ता आहे की नाही हे मल्टिमीटरने तपासता येतं. आकाश निरभ्र असताना, केबल रिगपासून काढून, आधी पिन आणि कडं एका क्लिप वायरने क्षणभर जोडून रिकामं करून घ्या, नाहीतर मीटरच जाईल. मग पिन आणि कडं यांच्यातला रोध मोजा. जवळजवळ शून्य आला तर दोन्ही बाजू डीसीला जोडलेल्या आहेत. डेल्टा लूप, फोल्डेड डायपोल, व्होल्टेज प्रकारचा ४:१ बॅलन (अँटेना आणि कोॲक्स यांच्या मधे लावायचा जुळवणीचा ट्रान्सफॉर्मर), यांत असं दिसतं. मीटर ‘ओपन’ दाखवत असेल तर भाराला वाट नाही. साधा डायपोल आणि १:१ करंट बॅलन या नव्या लोकांच्या आवडत्या जोडीत हेच दिसेल. शून्य आला तरी निर्धास्त होऊ नका, केबलचं बाहेरचं जाळीदार कवच जमिनीला जोडलेलं असेल तरच त्या शून्याला किंमत.

ब्लीडर : पन्नास रुपयांच्या आतला उपाय

उपाय असा की पिन आणि जमीन यांच्यामध्ये एक मोठा रोध कायमचा लावून टाकायचा. आरएफला तो जवळपास दिसत नाही, भाराला मात्र तो सताड उघडं दार वाटतो.

कोॲक्ससाठी १०० किलोओहम, २ वॅटचा एक रेझिस्टर पुरतो. ५० ओहमच्या लाइनवर तो पॉवरचा ०.०५ टक्का खातो, १०० वॅटमधले ०.०५ वॅट. वर काढलेली २००० पिकोफॅरडची केबल त्यातून सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत रिकामी होते, त्यामुळे भार साचायला वेळच मिळत नाही.

लॅडर लाइनला एवढ्यावर भागत नाही, कारण तिथे व्होल्टेज चढं असतं. २००० ओहमच्या बिंदूवर १०० वॅटला सुमारे ४५० व्होल्ट होतात, शिखर ६३० च्या पुढे. इथे १०० किलोओहमचा एकच रेझिस्टर २ वॅट खाईल आणि त्याची व्होल्टेज सोसायची मर्यादाही ओलांडली जाईल. म्हणून १०० किलोओहम, १ वॅटचे दहा कार्बन फिल्म रेझिस्टर घ्या, तपकिरी-काळा-पिवळा पट्ट्यांचे, आणि एकापुढे एक जोडून १ मेगओहमची माळ करा. पाय आखूड कापा, टोकं एकमेकांना समांतर ठेवून डाग द्या, डाग गुळगुळीत गोल आला पाहिजे. टोकदार राहिला तर तिथूनच भार फुसफुसेल. माळ साधारण वीतभर होते. ती अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात सरकवा, दोन्ही तोंडं सिलिकॉनने बंद करा आणि खालच्या बाजूला बारीक भोक ठेवा, म्हणजे आत घाम साचणार नाही. अशा दोन माळा लागतात, लाइनच्या प्रत्येक तारेपासून जमिनीपर्यंत एक. वायरवाउंड रेझिस्टर यासाठी घेऊ नका, आतून ती कॉइल असते.

ब्लीडरची जागा ट्यूनरच्या अँटेनाकडच्या बाजूला, आणि शक्यतो घराबाहेर. ट्यूनर आणि रिग यांच्या मधे लावला तर टी ट्यूनरचा कपॅसिटर पुन्हा आड येतो आणि सगळी मेहनत फुकट.

खिडकीबाहेरची पेटी

घरात शिरणारी प्रत्येक केबल एका जागी आणा. बाहेरच्या भिंतीवर पावसापासून झाकलेली पेटी, आत तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जाड पट्टी, तिच्यावर केबलचे जोड, ब्लीडर आणि गॅस डिस्चार्ज ट्यूब. ब्लीडर सतत झिरपणारा भार उतरवतो, गॅस ट्यूब अचानक आलेला मोठा झटका. दोन्ही लागतात, कारण गॅस ट्यूब तिच्या ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत काहीच करत नाही.

ट्यूब निवडताना ९० व्होल्टची स्वस्त मिळते म्हणून उचलू नका. ५० ओहमवर १०० वॅटचं शिखर व्होल्टेजच १०० असतं, तुमच्याच आवाजाने ती पेटेल. एसडब्ल्यूआर ३ असताना शिखर १७३ पर्यंत जातं, तेव्हा कोॲक्सला ३५० व्होल्टची ट्यूब ठीक. लॅडर लाइनसाठी मोटारसायकलचा स्पार्क प्लग हा जुना आणि अजूनही चांगला तोडगा आहे. प्रत्येक तारेला एक, बूड पट्टीत घट्ट पिळलेलं. ०.६-०.७ मिलिमीटरची फट दोन-तीन हजार व्होल्टला उडते. नंबरात ‘आर’ अक्षर असलेला प्लग टाळा, त्याच्या आत रोध असतो.

अर्थिंग आणि काळी माती

इथे लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. स्टॅटिकचा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असतो. १ मेगओहमच्या माळेतून १० मायक्रोअँपिअर वाहिले तर तार जमिनीपेक्षा फक्त १० व्होल्ट वर राहते. अर्थ पिटचा रोध ५ ओहम असो की ५००, त्याने यात काही फरक पडत नाही. उन्हाळ्यात जमीन वाळली म्हणून स्टॅटिकसाठी घाबरू नका.

वीज कोसळली तर मात्र प्रवाह हजारो अँपिअरचा असतो आणि तिथे अर्थिंगचा कस लागतो. आपली काळी माती ओली असताना उत्तम वाहक आहे, पण मे महिन्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि ती पाइपपासून सुटून उभी राहते. त्यात शहराच्या कित्येक भागांत थोडं खोदलं की मुरूम आणि मग कातळच लागतो. अडीच मीटरची जीआय पाइप, भोवती मीठ आणि कोळसा, वर झाकण, आणि उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी, ही इलेक्ट्रिशियनची जुनी पद्धत इथे बरोबर आहे. पाणी पाळीने येणाऱ्या शहरात दोन बादल्या जिवावर येतात हे मान्य, पण भांडी विसळलेलं पाणीही चालतं. बोअरच्या केसिंगला अर्थ म्हणून वायर जोडायची कल्पना बरेच जण काढतात. हल्लीचं केसिंग पुष्कळदा पीव्हीसीचं असतं आणि आत मोटार सोडलेली असते, तेव्हा इलेक्ट्रिशियनला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

अँटेनाचं अर्थिंग घराच्या विजेच्या अर्थिंगला जोडलेलं असलंच पाहिजे. स्वतंत्र ठेवलं तर जवळपास वीज पडल्यावर दोन पाइपांमध्ये हजारो व्होल्टचा फरक येतो, आणि त्या दोघांना जोडणारी एकमेव वस्तू तुमची रिग असते. जोडणारी पट्टी जाड, आखूड आणि सरळ ठेवा, काटकोनात वळवू नका. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि तो करत असताना शेजारी उभं राहा.

वळवाचे दिवस

वर सांगितलेलं सगळं केलं तरी थेट पडणाऱ्या विजेपुढे त्याचा टिकाव लागत नाही. तिथे एकच उपाय, केबल काढणे. एप्रिलपासून मृग लागेपर्यंत, आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीच्या पावसात, दुपारनंतर ढग चढतात. या दिवसांत रिग वापरून झाली की केबल काढायची, ही सवय लावून घ्या. गडगडाट सुरू झाल्यावर काढायला धावणं हे सगळ्यात वाईट.

केबल बाहेरच्या पेटीत काढा आणि तिथेच जमिनीला जोडलेल्या रिकाम्या सॉकेटला लावून ठेवा. खोलीत टेबलाखाली गुंडाळून ठेवलेली केबल विजेला थेट घरात आणते. काचेच्या बरणीत कनेक्टर ठेवण्याची युक्ती अजून सांगितली जाते, कित्येक किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला ती बरणी काय अडवणार! रिगचा वीजपुरवठा, संगणकाची केबल, इंटरनेटची केबल हेही काढा.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा, आसपास कुठे विजा पडताहेत ते त्यात दिसतं. ॲप नसलं तरी चमक आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा, तीनने भागलं की किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर गच्ची आणि रेडिओ दोन्ही सोडा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. परत जोडताना आधी पिन-कडं रिकामं करायचं, मग रिग.

अंगावरचं स्टॅटिक

थोडक्यात सांगतो. टेरिकॉटचा शर्ट, प्लॅस्टिकची खुर्ची आणि कोरडी हवा असेल तर तुमच्या बोटांवरही काही हजार व्होल्ट असतात. चटका जाणवतो तोच साधारण ३००० व्होल्टच्या पुढे, म्हणजे न जाणवलेले झटके कितीतरी असतात. माइक किंवा डेटा केबल जोडण्याआधी अर्थ केलेल्या धातूच्या कॅबिनेटला हात लावा. खुर्चीवर सुती चादर टाका, गाव कुठलं आहे ते बघता ती शोधायला लांब जावं लागणार नाही.

आवाजावरून ओळख

काम झाल्यावर पहिल्या वाऱ्याच्या दुपारी कान देऊन ऐका. स्टॅटिक असेल तर एस-मीटर (येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवणारा) हळूहळू चढतो, फुसफुस वाढत जाते, एक ‘टक्’ होतं, मीटर खाली पडतो आणि पुन्हा चढू लागतो. वाऱ्याच्या झोताबरोबर हे बदलतं. ब्लीडर लावल्यावर टक् आणि चढउतार जायला हवेत. बारीक फुसफुस उरली तर तारेची टोकं आणि पिळलेले जोड तपासा.

आवाज वाऱ्याशी जुळत नसेल, सकाळी ठरावीक वेळी सुरू होऊन जेवणाच्या सुट्टीत थांबत असेल, तर तो शेजारच्या यंत्रमागाच्या मोटारींचा आहे. रात्री दिवे लागल्यावर येणारी एकसुरी घरघर एलईडी दिव्यांची किंवा चार्जरची. या दोन्हींवर ब्लीडर किंवा ट्यूनर काही करू शकत नाही. घरातला मेन स्विच बंद करून रिग बॅटरीवर चालवा. आवाज गेला तर स्रोत तुमच्याच घरात आहे, राहिला तर पोर्टेबल रेडिओ हातात घेऊन गल्लीत फिरायचं.

ब्लीडरचा रोध वर्षातून दोनदा मोजा, होळीच्या सुमाराला आणि गणपतीच्या आधी. १०० किलोओहमचा रेझिस्टर ‘ओपन’ दाखवू लागला तर तो जवळपास पडलेल्या विजेत गेलाय. तो बदला, आणि त्याच वेळी गॅस ट्यूबही बदलून टाका.